घरटी १४३ रुपये आणि चौदा घरे: दिवाळीची भेट घरी कशी करावी?

सांजवात
नमस्कार. गेली नऊ वर्षे आम्ही दिवाळीत शेजारी, नातलग आणि मुलांच्या शिकवणीच्या बाई धरून चौदा घरांना मिठाईचा किंवा सुक्या मेव्याचा पुडा देत आलो आहोत. यंदा घरात एकच पगार आहे आणि दुसरा केव्हा सुरू होईल, हे आज सांगता येत नाही. या खर्चासाठी २,००० रुपयांपलीकडे काही काढायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. भागाकार केला तर घरटी १४३ रुपयेही पुरते येत नाहीत.

"या वर्षी देणे बंद ठेवा, कोणी विचारणार नाही," असे सासूबाई म्हणतात. मला ते पटत नाही, कारण यांपैकी निदान पाच घरांनी जूनपासून आम्हांला न विचारता मदत केली आहे. म्हणून घरीच काहीतरी करावे, असा विचार आहे. माझी नोकरी अर्ध्या दिवसाची आहे, मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत आणि माझी चकली दर दुसऱ्या वर्षी तेलात विरघळते, हे आधीच सांगून ठेवते. गेल्या वर्षी चित्रफितीत पाहून काचेच्या बरण्या रंगवल्या होत्या. आतल्या शंकरपाळ्यांपेक्षा बरणीच महाग पडली. तसे पुन्हा नको आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, बाजार सगळा जवळ आहे. काय करावे?

पोळपाटलाटणे
ताई, पहिला नियम असा की तळणीचा पदार्थ घेऊ नये. तळणीत तेल लागते, गॅस लागतो, उभे राहून पाय जातात, आणि चौदा घरांना पुरेल इतकी चकली करायची म्हटली तर दोन दिवस मोडतात. त्याऐवजी भडंग करा. चिरमुरे वजनाला हलके आणि आकाराला मोठे असल्यामुळे पाव किलोची पिशवी हातात भरगच्च दिसते, आणि आपल्या भागात भडंग कमी दर्जाचा मानत नाहीत.

चौदा घरांसाठी दोन किलो चिरमुरे, एक किलो शेंगदाणे आणि अर्धा लिटर तेल पुरते. हे तीन-चार घाण्यांत करावे, एकदम करू नये. प्रत्येक घाण्याला तेल तापवून आधी शेंगदाणे तळून बाजूला काढावेत. मग ठेचलेला लसूण घालून तो तांबूस आणि कुरकुरीत होईपर्यंत मंद आचेवर परतावा. येथे घाई केली तर लसणातले पाणी चिरमुऱ्यांत उतरते आणि तिसऱ्या दिवशी भडंग मऊ पडतो. त्यानंतर कढीपत्ता, हळद, कांदा-लसूण मसाला, मीठ आणि थोडी पिठीसाखर घालावी, गॅस बंद करावा आणि मगच चिरमुरे ओतून खालवर करावेत. चिरमुरे आधी उन्हात तापवलेले असावेत. परतीचा पाऊस असेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर गरम केले तरी चालते.

मंगळवारपेठ
सांजवातताईंची चकली तेलात विरघळते, आमच्या घरची दातांत विरघळत नाही. दोन्ही घरांनी एकत्र केल्यास मध्यम प्रतीची चकली होईल, असे वाटते.

हिशेबनीस
या चर्चेचा उत्साह मोडायचा नाही, परंतु घरी केलेले स्वस्त पडते हे गृहीतक एकदा तपासून पाहावे. मी निवृत्त हिशेबनीस आहे आणि तीन दिवाळ्यांचा हिशेब वहीत ठेवला आहे. सामानाच्या पावत्या जोडून आपण म्हणतो की निम्म्यात काम झाले. त्या हिशेबात गॅस नसतो, जळलेला पहिला घाणा नसतो, "थोडेसेच लागते" म्हणून आणलेली आणि पुढच्या दिवाळीपर्यंत डब्यात पडून राहिलेली वेलची नसते. आणि सर्वांत मोठे कलम, म्हणजे घरातल्या बाईचे तास, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. ते तास फुकट धरले की जगातली प्रत्येक वस्तू घरी स्वस्तच पडते.

सासूबाईंचे म्हणणे मला अव्यवहारी वाटत नाही. एक वर्ष पत्र पाठवावे, दोन ओळी मनापासून लिहाव्यात. चौदा पोस्टकार्डांना फारसे काहीच लागत नाही.

पोळपाटलाटणे
हिशेबनीसकाका, रकान्याचे तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. परंतु त्यावरचा उपाय "करू नका" हा नसून "एकटीने करू नका" हा आहे. शेंगदाण्याची साले काढायला पदवी लागत नाही. आमच्याकडे हे काम रात्री बातम्या बघत पुरुषमंडळी करतात, आणि फोलपाटे पाखडायला मात्र अंगणात पाठवावे लागते, नाहीतर पंखा चालू असलेल्या खोलीत काय होते ते एकदा पाहिले आहे.

हिंगजिरे
एक सूचना. चौदा घरांपैकी कोणी जैन असतील तर त्यांच्यासाठी पहिला घाणा लसणाशिवाय करावा आणि तो स्वच्छ कढईत, सर्वांत आधी करावा. हिंग, जिरे, भरपूर कढीपत्ता, लाल तिखट आणि शेवटी मेतकूट घातले तर उणीव भासत नाही. कांदा-लसूण मसाला अर्थातच वर्ज्य. आमच्या घरी दरवर्षी प्रेमाने आलेले तीन-चार पुडे आम्ही प्रेमानेच पुढे पाठवतो, कारण ते आम्हांला चालत नाहीत. ज्या शेजारणीने पहिल्यांदा "हा तुमचा वेगळा आहे" असे म्हणून पुडा हातात ठेवला, तिचे नाव आमच्या आजीने शेवटपर्यंत लक्षात ठेवले होते.

सांजवात
हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. चौदांपैकी तीन घरे जैन आहेत आणि नऊ वर्षे मी त्यांना काय काय दिले ते आता आठवून पाहते आहे. मनापासून आभार.

भडंग निश्चित. त्याबरोबर आणखी एखादी न खाण्याची वस्तू असावी, असे वाटते.

वाळाकचोरा
उटणे करावे. नरक चतुर्दशीला प्रत्येक घरात लागते, बाजारच्या पुडीत सुगंधी द्रव्यांपेक्षा रंग आणि अत्तरच जास्त असते, आणि करायला विस्तव लागत नाही. माझे प्रमाण असे आहे: मसूरडाळीचे पीठ २५० ग्रॅम, मुलतानी माती १०० ग्रॅम, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड १०० ग्रॅम, कपूरकाचरी आणि नागरमोथा प्रत्येकी ५० ग्रॅम, वाळा २५ ग्रॅम, आंबेहळद २५ ग्रॅम. एकूण ६०० ग्रॅम होते, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या चौदा पुड्या बांधून घरापुरतेही उरते.

दोन गोष्टी जपाव्यात. नागरमोथा आणि वाळा ही मुळे आहेत, ती घरच्या मिक्सरमध्ये घालू नयेत. मी घातली होती. पाते वाकलेच, शिवाय त्या भांड्यातल्या खोबऱ्याच्या चटणीला पुढचे दोन महिने अभ्यंगस्नानाचा वास येत होता. काष्ठौषधींच्या दुकानात मागितल्यास ती कुटून, चाळून मिळतात. दुसरे म्हणजे आंबेहळद काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून पुडीवर सगळे घटक लिहावेत आणि आधी मनगटावर थोडेसे लावून पाहण्याची सूचना द्यावी. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाचे किंवा मुलीचे अक्षर चांगले असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवता येईल.

मंगळवारपेठ
चटणीला अभ्यंगस्नानाचा वास म्हणजे डोसा खाताच नरकासुराचा वध.

शाडूमाती
मी चित्रकला शिकवते, त्यामुळे मुलांच्या कामाविषयी लिहिते. पणत्या कुंभारांकडून थेट, साध्या, न रंगवलेल्या घ्याव्यात. गंगावेशीजवळच्या किंवा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, नाहीतर बापट कॅम्पात गेलात तर डझनाने नव्हे, शेकड्याच्या भावाने मिळतात. दोन-तीन शेजारणी मिळून गेल्यास उत्तम. आणल्यावर त्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात. पाणी सोडताना बारीक बुडबुड्यांचा फसफस असा आवाज येतो, तो मुलांना फार आवडतो. कोरडी पणती निम्मे तेल स्वतःच पिते. भिजवून सुकवलेली पणती कमी पिते.

रंगवायचे असेल तर फक्त बाहेरची बाजू रंगवावी आणि काठापासून एक बोट जागा मोकळी सोडावी. ऑइलपेंट वापरू नये, कारण तो जळतो. खाली गेरूचा हात आणि वर चुन्याचे किंवा पांढऱ्या पोस्टर रंगाचे ठिपके पुरेसे आहेत. टिकल्या, आरसे आणि चमकी मुलांना कितीही मोहक वाटली तरी ज्योतीजवळ नकोत. आठ वर्षांचे मूल काडेपेटीतल्या काडीच्या बोथट टोकाने जे ठिपके देते ते कुंचल्यापेक्षा सरस येतात, हे मी वर्गात दरवर्षी पाहते.

कामटीवाला
पणत्यांबरोबर कंदिलाचाही विचार व्हावा. प्रत्येक घराला कंदील देणे जमणार नाही, परंतु जिथे खरोखर ऋण आहे अशा दोन-तीन घरांना हातचा कंदील दिला तर मिठाईचा पुडा त्याच्यापुढे फिका पडतो.

सर्वांत सोपी म्हणजे चांदणी. बुरुडाकडून एकाच लांबीच्या दहा कामट्या तासून घ्याव्यात, दोन फुटांच्या पुरेत. पाच कामट्यांची एक चांदणी बांधायची, कामट्या एकमेकींच्या खालून-वरून घ्यायच्या म्हणजे घट्ट बसते. अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोके दोऱ्याने आवळायची. आता मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात अशा पाच जागा असतात. तेथे दोन चांदण्यांच्या मध्ये चार बोटे लांबीचे पाच तुकडे आडवे ताठ बसवले की चपटी चांदणी पोटाशी फुगते. हा क्षण मुलांना दाखवावा, कारण तोवर त्यांचा विश्वास नसतो.

वर पतंगी कागद लावावा आणि त्यासाठी खळ घरीच करावी. एक वाटी मैदा पाच वाट्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. पूर्वी झुरळांनी कागद कुरतडू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी असते, त्यामुळे मुले काम करणार असतील तर ते घालूच नये, आठवडाभराच्या कंदिलाला त्याची गरज नाही. दिवा एलईडीचाच लावावा. साठ वॉटच्या जुन्या दिव्याने आमचा एक कंदील आतून तपकिरी होत होत पाडव्याला भोक पडून संपला होता.

करवंटीग्रस्त
आगीचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव नोंदवतो. दोन वर्षांपूर्वी पैसे वाचवायचे म्हणून मी नारळाच्या करवंट्या घासून, पॉलिश करून त्यांत मेण ओतले आणि बारा मेणबत्त्यांपैकी अकरा मेणबत्त्या अकरा घरांना वाटल्या. दिसायला त्या इतक्या सुरेख होत्या की माझा मलाच अभिमान वाटला. उरलेली एक मी आमच्या कठड्यावर लावली. वात मध्यापासून सरकलेली होती आणि मेण अगदी काठापर्यंत भरले होते. अर्ध्या तासाने करवंटीच पेटली. करवंटी हे उत्तम सरपण आहे, ही गोष्ट चुलीवर अंघोळीचे पाणी तापवलेल्या आमच्या पिढीला ठाऊक असायला हवी होती, पण ऐन वेळी आठवली नाही. वरचे कागदी तोरण गेले, कठड्यावर काळा डाग राहिला तो आजही आहे.

खरी लाज पुढे होती. त्याच रात्री अकरा घरांना फोन करून "मी दिलेली भेट कृपया पेटवू नका" असे सांगावे लागले. करवंट्यांचा मोह टाळावा. मेणबत्तीच करायची तर मेण पणतीत ओतावे.

मंगळवारपेठ
अकरा घरांना दिवाळीत आवर्जून फोन गेले, हाही भेटीचा एक प्रकारच झाला की!

पुणेस्थितकोल्हापूरकर
विषय थोडा बाजूला नेतो, क्षमस्व. मुलांना गुंतवायचे असेल तर किल्ल्याइतके स्वस्त काम नाही. विटांचे तुकडे, जुने पोते आणि माती, एवढेच सामान. अळीव मात्र किल्ला ज्या दिवशी दाखवायचा त्याच्या पाच-सहा दिवस आधी पेरावेत, आदल्या रात्री पेरलेल्या अळिवाची झाडी भाऊबीजेलाच दिसते. २०२५ साली पन्हाळा मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात आला, तेव्हा कोल्हापूरच्या मुलांनी दुसरा किल्ला का करावा? तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना आणि उतरायला राजदिंडी, एवढे जमले तरी पाहणारा ओळखतो. पुण्यात सोसायटीच्या फरशीवर माती चालत नाही, म्हणून आम्ही पुठ्ठ्याचा करतो आणि पाणी शिंपडायच्या जागी हळहळतो.

शाडूमाती
विषय तितकासा बाजूला गेलेला नाही. किल्ल्याच्या उरलेल्या शाडूचे मावळे करून ते सावलीत वाळवून, रंगवून शेजारच्या मुलांना द्यावेत. लहान मुलांनी लहान मुलांना दिलेली भेट आपण मोठी माणसे हिशेबातच धरत नाही.

कटपीस
सर्वांनी आत काय द्यावे ते सांगितले, वेष्टनाचे कोणीच बोलले नाही, आणि ताईंचे पैसे गेल्या वर्षी तेथेच गेले होते. मी इचलकरंजीचा. आमच्याकडे सुती कापडाचे कटपीस वजनावर मिळतात, कोल्हापुरातही उरलेल्या तुकड्यांचे गठ्ठे विकणारे असतात. नव्वद सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडाच्या रुंदीत २८ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या बसतात. प्रत्येक पट्टी ६६ सेंटिमीटर लांब कापून मध्ये दुमडली की शिलाई आणि वरची नेफ्याची पट्टी जाऊन साधारण २५ बाय ३० सेंटिमीटरची पिशवी होते. म्हणजे साडेतीन मीटर कापडात पंधरा पिशव्या बसतात, एक बिघडायला शिल्लक. नेफ्यात सुती नाडी ओवावी. आत भडंगाची पिशवी घट्ट बांधून ठेवावी, कारण नुसत्या कापडात तो एका दिवसात सादळतो.

हिशेबनीस
हे कलम मला आवडले. वेष्टन फेकले जात नसेल तर तो खर्च नसून वस्तूच आहे.

सांजवात
आठवडाभराची प्रगती सांगते. पिशव्या शिवून झाल्या, सासूबाईंनी शिवल्या. "बंद ठेवा" म्हणणाऱ्या त्याच. मशीन माळ्यावरून काढायला लावले, तेल घातले आणि दोन दुपारींत पंधरा पिशव्या झाल्या. एक खरोखरच बिघडली.

आता अडचण. गोड काहीतरी हवे म्हणून काल शेंगदाण्याची चिक्की केली. दीड किलो दाणे, सव्वा किलो गूळ. थापली, कापली, सुंदर दिसली. आज सकाळी ती वाकते आहे. तुटत नाही, वाकते. दाताला धरून राहते. गूळ चांगला पिवळाधमक होता. सगळे फुकट गेले का?

मंगळवारपेठ
फुकट कसे जाईल? दंतवैद्याच्या घरी द्या, व्यवसायवृद्धीची भेट म्हणून.

पोळपाटलाटणे
पाक कच्चा राहिला. चिक्कीचा पाक डोळ्यांनी ओळखायचा नसतो, कानाने ओळखायचा असतो. वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकायचा. तो बोटांत घेतल्यावर ताणला गेला तर अजून वेळ आहे. वाटीच्या काठावर आपटल्यावर टण् असा आवाज येऊन तुटला तर झाला. दोन अवस्थांमध्ये मिनिट-दीड मिनिटाचेच अंतर असते आणि बहुतेक जण करपेल या भीतीने त्याआधीच दाणे ओततात. गॅस बंद करून चिमूटभर सोडा घातला तर पाक फुलतो आणि चिक्की खुसखुशीत होते. त्यानंतर मात्र तूप लावलेल्या पोळपाटावर ताबडतोब लाटावी लागते, फोन वाजला तरी उचलायचा नाही. शिवाय दुकानात चिक्कीचा गूळ वेगळा मागावा लागतो, तो चिकट असतो.

आणि पिवळाधमक म्हणजे चांगला, असे नव्हे. तो रंग पुष्कळदा हायड्रोसचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. उसाचा रस नुसत्या भेंडीच्या पाण्याने साफ केलेला गूळ तपकिरी दिसतो. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात, कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकनही आहे, आणि तरी आपण कोल्हापूरकर गूळ रंगावरून घेतो!

फुकट काहीच गेलेले नाही. चिक्कीचे लहान तुकडे करून दाण्याचा भरड कूट आणि चमचाभर तूप घालून जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर मऊ करावेत. हात पाण्याने ओले करून गरम असतानाच लाडू वळावेत. ओला हात असला तरी भाजते, हे लक्षात ठेवावे. लाडू मऊच असतात, त्यामुळे पाक कच्चा राहिल्याचे कोणालाही कळणार नाही.

हिशेबनीस
जळलेल्या पहिल्या घाण्याचे कलम मी सुरुवातीस नोंदवले होते, एवढे नम्रपणे निदर्शनास आणतो.

सांजवात
काका, जळला नाही, वाकला!

लाडू झाले. मुलाचे दोन्ही तळवे लाल झाले, पण तो जागचा हलला नाही.

वाळाकचोरा
तळवे वाहत्या गार पाण्याखाली धरा, तूप लावू नका. उटणेही नको, ताज्या भाजल्यावर ते झोंबते.

सांजवात
भाऊबीज झाली, आता सविस्तर लिहिते. चौदा पिशव्या वसुबारसेपासून धनत्रयोदशीपर्यंत पोहोचवल्या. प्रत्येक पिशवीत पाव किलो भडंग, पाच-सहा लाडू, उटण्याची पुडी आणि दोन पणत्या होत्या. तीन पिशव्यांवर मुलीने हिरव्या दोऱ्याने गाठ मारली होती, त्या लसणाशिवायच्या. त्यांपैकी एका घरातल्या काकूंनी पुडीवरचे "हा तुमचा वेगळा आहे" वाचले, काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. नऊ वर्षांत त्यांच्याकडे मी उंबऱ्याच्या आत गेले नव्हते, त्या दिवशी पाऊण तास बसले.

कामटीवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे कंदील तीन करायचे ठरवले होते, एकच झाला. पहिल्याची पाचही टोके बांधली, पोट फुगवायचे तुकडे बसवताना एक कामटी उडून यजमानांच्या चष्म्यावर लागली. चष्मा शाबूत आहे. दुसरा जमला, तो जूनमध्ये ज्यांनी मुलांच्या फीचे पैसे न मागता भरले त्यांच्याकडे गेला. तिसऱ्याला हात लावायचा कोणालाच धीर झाला नाही.

हिशेबनीसकाकांसाठी खर्च: भडंग ५५०, लाडू ३६०, उटणे २९०, पणत्या आणि वाती १४२, कापड आणि नाडी ३२०, कंदिलाचे सामान १२०. एकूण १,७८२ रुपये. गॅस धरलेला नाही, तो कसा धरायचा ते मला येत नाही. तास धरले आहेत. एकूण सव्वीस, त्यांपैकी माझे अकरा, सासूबाईंचे सात, यजमानांचे पाच आणि मुलांचे मिळून तीन. उरलेल्या २१८ रुपयांचे काय करावे, यावर घरात मतभेद आहेत.

हिशेबनीस
बेरीज बरोबर आहे. सव्वीसांपैकी अकरा हा आकडा माझ्या तीन वर्षांच्या वहीत कुठेही नाही. आमच्या घरी सगळे तास एकाच नावावर असतात, आणि ते नाव माझे नाही. पुढच्या दिवाळीला दाणे सोलण्याचे काम मी घेतो आहे, हे येथे लिहून ठेवतो म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पोळपाटलाटणे
काका, पंखा बंद करून बसा.

शाडूमाती
२१८ रुपयांत पणत्या घ्याव्यात आणि त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे मुलांना घेऊन पंचगंगेच्या घाटावर जावे. हजारो पणत्यांत आपल्या हातच्या चार पणत्या शोधायला मुले जी धावपळ करतात, ती पाहण्यासारखी असते. स्वेटर न्यावेत.

कटपीस
पिशव्यांचे पुढे काय झाले, ते ताईंनी सांगितले नाही. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज पिशवीलाही लागू होतो का, याची उत्सुकता आहे.

सांजवात
लागू होतो, असे दिसते. आतापर्यंत पाच परत आल्या. एकीत सीताफळे होती, एकीत चकल्या, त्या मात्र न विरघळलेल्या, एकीत अनारसे, एकीत मुलीसाठी चित्रकलेची वही. पाचवीत आमचीच पणती परत आली, आत तेल-वात घालून, एवढ्या वाटेने न सांडता कशी आणली कोण जाणे. सासूबाई म्हणतात की ही पद्धत अशीच चालली तर पुढच्या वर्षी काही करायलाच नको, पिशव्या नुसत्या फिरवत राहू.

शिकवणीच्या बाईंची पिशवी मात्र मी काल कपिलतीर्थ मंडईत पाहिली. त्यांच्या हातात होती, आत मेथी होती. त्यांनी मला पाहिले नाही.

मंगळवारपेठ
ते सगळे राहू द्या. मेथीची जुडी काय भावाने होती?

सांजवात
पंधराला. मीही घेतली.